येताना थांबू

मुकुंदराव उपाध्यांच्या घरी गेलं की पाणी नंतर मिळायचं, आधी नकाशा बघावा लागायचा. पार्सिपनीच्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये त्यांचं घर माझ्या समोरच होतं. आत शिरलं की डायनिंग टेबलच्या वर, जिथं इतरांकडे गणपती किंवा घड्याळ असतं, तिथं अमेरिकेचा भलाथोरला नकाशा. जी राज्यं ‘झाली’ ती पिवळ्या हायलायटरनं रंगवलेली. पाहुण्यानं चपला काढल्या की त्याला खांद्याला धरून नकाशापुढे उभं करायचे आणि विचारायचे, “तुमची किती झाली?” लहान पोराच्या आईला गोवर झाला का, कांजिण्या झाल्या का, असं विचारतात ना, अगदी त्या सुरात. मी नागपूरहून नुकतीच आलेली, माझं एक न्यू जर्सी तेवढं झालं होतं. मुकुंदरावांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता हे मला पाणीसुद्धा देणार नाहीत.

राज्य ‘होण्याचा’ त्यांचा एक कायदा होता. नुसतं गाडीतून गेलं तर राज्य होत नाही, बुटाचा तळवा त्या जमिनीला लागला पाहिजे. मग तो कुठंही लागो. डेलावेअर त्यांचं झालं होतं ते एका गॅस स्टेशनच्या हवा भरायच्या नळापाशी. वेस्ट व्हर्जिनिया झालं ते ट्रक धुवायच्या जागेत, आणि तिथं काय पाहिलंत असं मी भाबडेपणानं विचारलं तेव्हा म्हणाले, “पाहायचं काय? लागला ना पाय!” हे एवढं सांगताना माणसाच्या चेहऱ्यावर किती समाधान असावं! गावाकडे चारधाम करून आलेल्या म्हाताऱ्याच्याही चेहऱ्यावर मी ते पाहिलेलं नाही.

विमानानं जाणाऱ्यांचा त्यांना भारी तिटकारा. पार्सलं म्हणायचे त्यांना. “खरी अमेरिका रस्त्यावरून कळते, वैशाली,” असं मला निदान पन्नासदा तरी ऐकवलं असेल. आता रस्त्यावरून काय कळायचं ते कळो, पण त्यासाठी कधीतरी थांबावं लागतं आणि मुकुंदरावांचा जीव थांबण्यावरच अडायचा. ऑफिसात एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात, मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसून डोकं हलवणारा हा माणूस, पण स्टिअरिंगमागे बसला की पेशवाईच संचारायची. बोटं उघडी राहतील असे कातडी हातमोजे घालायचे. पाठीला लाकडी मण्यांचं आसन. गाडीतलं पाणी त्यांच्या ताब्यात, कारण लोक पाणी पितात आणि मग त्यांना उतरावंसं वाटतं. बाटली मागं यायची ती त्यांच्या मर्जीनं, तीर्थासारखी. वाटेत कुणी “अहो, ते बघा, किती सुंदर तळं” असं म्हणालं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: “काय बघायचंय त्यात?”

कॉम्प्लेक्समधल्या निम्म्या लोकांचे आईवडील उन्हाळ्यात यायचे, मुलांना रजा नसायची आणि मुकुंदराव तयारच असायचे. नाशिकचे देशपांडेकाका त्यांच्याबरोबर फ्लोरिडाला गेले होते. काकांना मधुमेह. नॉर्थ कॅरोलायनात त्यांनी दोनतीनदा हळूच सांगितलं की जरा गाडी थांबवता का. मुकुंदराव म्हणाले, काका, पुढे साउथ कॅरोलायना येतंय, तिथं पायही लागेल आणि तुमचंही होईल, एका हॉल्टमध्ये दोन कामं. काका शाळेचे निवृत्त हेडमास्तर. ओठ आवळून खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर ते परत जाईपर्यंत, मुकुंदराव पार्किंगमध्ये दिसले की काका कचऱ्याच्या डब्यांच्या मागून वळसा घालून जायचे. मुकुंदरावांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की काकांना फ्लोरिडा फार आवडला.

आणि रेखावहिनी. त्यांच्या बायकोबद्दल काय सांगू? पुढच्या सीटवर मांडीवर प्रिंट काढलेल्या कागदांची चळत घेऊन बसायच्या, पुढचं वळण, पुढचा एक्झिट वाचून दाखवायच्या. एक्झिट बरोबर लागला तर तो मुकुंदरावांनी घेतलेला असायचा, आणि चुकला तर रेखावहिनींनी चुकवलेला. वहिनींकडे लायसन्स होतं. पण गाडी न्यायची ती भाजी आणायला आणि देवळात, कारण मुकुंदरावांच्या मते “तिला हायवे जमत नाही, तिला एक्झिट घेता येत नाही.” घेऊन बघू तर दिलं पाहिजे! पण हे त्यांना सांगणार कोण? पालथ्या घड्यावर पाणी. वहिनी कागद उलटत राहायच्या.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात वहिनींची आई, कमलकाकू, पुण्याहून आल्या आणि मुकुंदरावांनी एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जाऊन यायचं जाहीर केलं. माझा प्रोजेक्ट संपला होता, पुढचा सुरू व्हायचा होता. मुकुंदराव म्हणाले, “चल, एक सीट रिकामीच जातेय.” वडापवाल्यानं जीपच्या दारात उभं राहून ओरडावं तसं. मी गेले, कारण मला पश्चिमेकडचे डोंगर बघायचे होते, आणि कमलकाकूंना मोटेलमध्ये रात्री कुणीतरी सोबत हवी होती.

काकूंनी गाडीत बसताना टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड मांडीवर घेतलं. डिकीत ठेवा म्हटलं तर ऐकेनात. मुकुंदराव म्हणाले, आई, मांडीवर वजन घेऊन तीन हजार मैल कसे बसणार? काकू म्हणाल्या, बसते. पहिल्या मुक्कामाला, ओहायोत, त्यांनी मला टॉवेल उलगडून दाखवला. आत एक जुना, मधोमध झिजून खोलगट झालेला शिसवी पोळपाट होता.

“आमच्या आईचा,” काकू म्हणाल्या. “सुमीला नेतेय.”

सुमी म्हणजे सुमन, त्यांची थोरली बहीण. ही नर्स होऊन साठच्या दशकात अमेरिकेत आली, आणि इथं कान्ससमध्ये एका गव्हाच्या शेतकऱ्याशी तिनं लग्न केलं. पत्र पुण्याला पोचलं तेव्हा वडिलांनी परसातल्या नळाखाली बसून तिच्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी. आईला बोलायची सोय नव्हती. ती त्या दिवशी पोळ्या लाटत राहिली, लागणाऱ्या होत्या त्याच्या दुप्पट, असं काकू सांगत होत्या. वडील गेल्यावर दोघी बहिणी दिवाळीला फोनवर बोलायला लागल्या. पण बघितलं नव्हतं एकमेकींना, चाळीसएक वर्षांत एकदाही नाही. सुमनचा नवरा गेला, मूल नव्हतं, ती एकटी होती. आणि काकूंचे गुडघे असे की पुन्हा एवढा प्रवास होईल असं त्यांना स्वतःलाच वाटत नव्हतं. हे सगळं मुकुंदरावांना ठाऊक होतं. रस्ता आखताना तो कान्ससमधूनच जात होता. सुमनताईंचं गाव हायवेपासून हाकेच्या अंतरावर. वहिनींनी तो एक्झिट कागदावर लाल पेननं गोल करून ठेवला होता.

मिसुरीतल्या मोटेलमधून काकूंनी बहिणीला फोन केला. उद्या दुपारी, म्हणाल्या. पलीकडून सुमनताई म्हणाल्या की मी फाटकाशी खुर्ची टाकून बसते. काकूंनी त्या संध्याकाळी केस धुतले आणि बॅगेतली चांगली साडी वर काढून ठेवली.

सकाळी सेंट लुइसची कमान. तिच्याखाली उभं राहून फोटो, मग हा फोटो नीट नाही म्हणून दुसरा, मग गाडीसकट तिसरा. वर जायचं का असं मी विचारलं, तर “काय बघायचंय वर जाऊन?” या फोटोबाजीत सकाळ गेली. मग दिवसभर ते घड्याळ बघत, तोंडातल्या तोंडात मैल मोजत चालवत होते. कान्सस लागलं. दोन्ही बाजूंना कापणीला आलेला गहू, आभाळापर्यंत. काकू खिडकीला नाक लावून बघत होत्या. म्हणाल्या, हा सगळा गहू? केवढा गं! वहिनींनी लाल गोलाचा एक्झिट वाचला. गाडी डाव्या लेनमध्येच होती. वहिनींनी परत वाचला.

“अहो, एक्झिट.”

“माहीत आहे.”

एक्झिट गेला. धान्याची पांढरी उंच कोठारं उजव्या हाताला दिसली, बाजूला आली, मागं पडली. काकूंनी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

“मुकुंदराव, सुमीचं गाव?”

“आई, आत्ता थांबलो तर डेन्व्हर चुकतं. बुकिंग आहे. येताना थांबू. एकदम निवांत. हवं तर एक रात्र राहू.”

किती उदार! आणि काकू बिचाऱ्या भोळ्या, त्यांना पटलं. उलट खूशच झाल्या, रात्रभर राहायला मिळणार म्हणून. फोन करून बहिणीला म्हणाल्या, सुमे, येताना येतो गं, जावईबापू राहू म्हणतायत. पलीकडे ती फाटकाशी खुर्ची टाकून बसलेली असणार. तिनं काय म्हणावं? बरं, म्हणाली. वहिनी तेवढा वेळ बाहेर बघत होत्या. मला वाटलं, कंटाळल्या असतील.

मग कोलोरॅडो झालं, युटा झालं. डोंगर, दऱ्या, तांबडे खडक, माणसाच्या तोंडातून शब्द फुटू नये असं एकेक, आणि सगळ्यांना मुकुंदरावांनी दिलेला वेळ म्हणजे चहाला आधण यायला लागतो तेवढा. सॅन फ्रान्सिस्कोला पॅसिफिकच्या पाण्यात त्यांनी बूट बुडवला. तो ओला बूट घेऊन गाडीशी आले आणि बॉनेटवर नकाशा पसरून परतीचा रस्ता दाखवायला लागले. हा रस्ता सगळा खालून होता. ॲरिझोना, न्यू मेक्सिको, टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सस, टेनेसी.

मी म्हटलं, “यात कान्सस कुठंय?”

तेव्हा मला त्यांचा दुसरा कायदा कळला. गेलेल्या रस्त्यानं परत यायचं नाही. कधीच नाही. “गेलेल्या रस्त्यानं परत येतो तो ऑफिसला जातो,” म्हणाले. पंधरा वर्षांत एकाही ट्रिपला हा कायदा मोडलेला नव्हता. वहिनींना तो ठाऊक होता, म्हणूनच त्या दिवशी त्या बाहेर बघत होत्या. म्हणजे ‘येताना थांबू’ हे शब्द तोंडातून निघाले तेव्हाच त्या माणसाला पुरतं माहीत होतं की येताना तो तिथून येणारच नाहीये. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, आणि ती वाढायची कुणाला, तर सत्तरीच्या बाईला, जी मांडीवर पोळपाट घेऊन देशभर फिरत होती! माझं डोकं सणकलं. मी विचारलं, मग काकूंच्या बहिणीचं काय? ते हसून म्हणाले, अगं, ओक्लाहोमावरून वर जवळच आहे, बघू.

‘बघू’ काकूंनीही ऐकलं. ग्रँड कॅन्यनला आम्ही कठड्याशी उभे होतो तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं, की इथून कान्सस कुठल्या बाजूला. मी हात केला. त्या तिकडे तोंड करून उभ्या राहिल्या, दरीकडे पाठ करून.

ओक्लाहोमाच्या हद्दीवर सगळ्यांनी खाली उतरून पाय लावला. काकूंनी पण लावला. पुढं ओक्लाहोमा सिटीच्या अलीकडे एका गॅस स्टेशनवर आम्ही थांबलो. मुकुंदरावांनी पेट्रोल भरलं, काच पुसली, टायर ठोकून बघितले. काकू दुकानाच्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, पोळपाट मांडीवर.

“आई, चला.”

“कुठं?”

“आर्कान्सस.”

“मुकुंदराव, मी इथंच बसते,” काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही, काही नाही. “तुम्ही तुमचं आर्कान्सस करून या. येताना मला घ्या.”

मुकुंदराव आधी हसले. मग समजूत घालायला लागले, की वर जाऊन यायचं म्हणजे आठ तास मोडतात, टेनेसीचं बुकिंग जातं. मग सुमनताईंना विमानानं पार्सिपनीला बोलवू म्हणाले. विमानानं! पार्सल करून! मग खिशातून फोन काढून पुढे धरला, घ्या, बोला त्यांच्याशी, आज शनिवार आहे, मिनिटं फुकट आहेत. काकूंनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. आत्तापर्यंत आजूबाजूचे ट्रकवाले बघायला लागले होते आणि मुकुंदरावांचे कान लाल झाले होते. लोक बघतायत, म्हणाले. काकूंनी पिशवीतून लाह्यांची पुडी काढली आणि एकेक लाही तोंडात टाकायला लागल्या. बायकांचा ठिय्या मी नागपुरात नळाच्या पाण्यासाठी पाहिलाय, पण तिथं निदान पन्नास जणी असतात आणि हंडे वाजवतात.

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. रेखावहिनी उतरल्या, हातात ते कागद. चालत आल्या आणि आईशेजारी बाकावर बसल्या. कागद घडी करून पर्समध्ये टाकले.

“चावी द्या,” त्या म्हणाल्या. “मी नेते आईला.”

“तू? हायवेवर?”

“हो. तुम्ही बसा इथं. येताना तुम्हाला घेऊ.”

मी हसले, लपवायचा प्रयत्नही केला नाही. आता कुणी म्हणेल की त्या क्षणी मुकुंदरावांना पाझर फुटला. काही फुटला नाही. त्यांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा बायकोच्या पुढे केलेल्या हाताकडे, आणि मला स्वच्छ दिसलं की त्या स्टिअरिंगवर दुसऱ्याचा हात पडलेला त्यांना बघवणार नाही. मोजे घातले, “बसा,” म्हणाले, आणि आत जाऊन बसले. हा दानशूरपणा एवढाच होता, आणि तो मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून सांगतेय.

वहिनींनी वाटेतून सुमनताईंना फोन केला होता. दुपार कलली तेव्हा आम्ही पोचलो. फाटकाशी खुर्ची होती आणि खुर्चीत पँट-शर्ट घातलेली, पांढरे केस पोरासारखे कापलेली एक काटक बाई. काकू उतरल्या. गुडघे धरले होते, गाडीला हात लावून उभ्या राहिल्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं, पण कुणीच पुढं होईना.

“किती काळी झालीस गं,” काकू म्हणाल्या.

“ऊन आहे इथं,” सुमनताई म्हणाल्या. “तू जाड झालीस.”

मग काकूंनी टॉवेल उलगडला आणि पोळपाट पुढे केला. सुमनताईंनी तो घेतला नाही. आधी त्या मधल्या खोलगट जागेवर नुसता तळहात ठेवला, आणि मग त्यांना उभं राहवेना. वहिनींनी त्यांना खुर्चीत बसवलं. मी रडले. त्यात काय लपवायचं?

आणि मुकुंदराव? मुकुंदराव गाडीतून उतरलेच नव्हते! एसी लावून, इंजिन चालू ठेवून बसलेले. खिडकीची काच चार बोटं खाली करून म्हणाले, तुमचं चालू द्या, मी इथं बरा आहे, अर्ध्या तासात निघू. कान्सस त्यांचं आधीच झालेलं होतं ना! पाय लावायचा प्रश्नच नव्हता.

सुमनताईंनी डोळे पुसले. उठल्या, गाडीशी गेल्या आणि काच ठोकली. काच खाली आली तसा हात आत घालून त्यांनी इंजिन बंद केलं, चावी काढली आणि शर्टाच्या खिशात टाकून वरचं बटण लावलं.

“जावईबापू, पहिल्यांदा दारात आलात,” त्या म्हणाल्या. “जेवल्याशिवाय चावी मिळायची नाही.”

ही चाळीस वर्षांपूर्वीची, परसातल्या तुळशीपाशी थांबलेली मराठी होती आणि तिच्यापुढे हातमोज्यांचं काही चाललं नाही. संध्याकाळी सुमनताईंनी त्याच पोळपाटावर पोळ्या लाटल्या. शेत आता दुसऱ्याला कसायला दिलं होतं, पण गहू समोरचाच होता. काकू भाजत होत्या. दोघी बोलत होत्या ते इतकं हळू आणि इतकं एकमेकींत मिसळून की आम्हाला काही कळत नव्हतं. मुकुंदराव टेबलाशी पाचवी पोळी खाता खाता, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, “बाकी या गावात बघायला काय आहे?”

सुमनताई लाटायच्या थांबल्या नाहीत. “काही नाही,” म्हणाल्या. “म्हणून तर कुणी येत नाही.”

मुकुंदराव मान डोलावून म्हणाले, तेच, मलापण तेच वाटलं. त्यांना ते लागलंच नाही हो! इतकं सरळ तोंडावर आलेलं वाक्य, आणि या माणसानं ते माहिती म्हणून घेतलं. सकाळी चावी परत मिळाली. बहिणी फाटकाशी कशा सुटल्या ते मी लिहीत नाही. पोळपाट तिथंच राहिला. पूर्वेकडे वळल्यावर आम्ही आलो त्याच हायवेनं परत निघालो, दुसरा इलाजच नव्हता. मिसुरी, इलिनॉय, इंडियाना सगळी झालेली राज्यं. आर्कान्सस आणि टेनेसी राहिलं. मुकुंदरावांनी घरी पोचेपर्यंत कुणाशी धड बोलणं केलं नाही.

पुढच्या गणपतीला मात्र आरती झाल्यावर, मोदकाचा द्रोण हातात धरून, ते लोकांना सांगत होते. “सासूबाईंची बहीण होती कान्ससला. म्हटलं, बुकिंग गेलं तर गेलं. खास डिटूर घेतला. माणसं महत्त्वाची, काय?” लोक वा वा म्हणत होते. एक बाई तर आपल्या नवऱ्याला कोपर मारत होती, की शिका. मी तिथं काहीतरी बोलणारच होते, तोच काकूंनी, त्या तोवर परत गेल्या नव्हत्या, मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. म्हणाल्या, “सांगू दे गं. वळवली ना त्यांनी गाडी. कशी का वळवेनात.” काकूंचं मन मोठं. माझं नाही. मी आजही सांगते, त्या माणसानं गाडी वळवली नाही, त्याच्याकडून ती वळवून घेतली.

काकू पुण्याला गेल्या त्या गेल्याच. गुडघ्यांनी हात टेकले, पुन्हा विमानात बसायचं नाव नाही. पण त्या बाकावर जे सुरू झालं होतं ते थांबलं नाही. रेखावहिनींनी आधी भाजीला एडिसनपर्यंत गाडी नेली. मग कुठं फिलाडेल्फिया. मुकुंदराव शेजारी बसून ब्रेक नसलेल्या जागी पाय दाबत बसायचे, मग त्यांनी शेजारी बसणंच सोडून दिलं. दोन हजार सातच्या हिवाळ्यात सुमनताई बर्फावरून घसरून पडल्या, खुबा मोडला, आणि वहिनी एकट्या गाडी घेऊन कान्ससला गेल्या. महिनाभर राहिल्या. रोज रात्री तिथून पुण्याला फोन लावून स्पीकर चालू करायच्या आणि दोघी बहिणी बोलायच्या, भाजी काय केली इथपासून. नंतर उन्हाळ्यात पुन्हा कान्ससला गेल्या.

दोन हजार आठमध्ये मला नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलला नोकरी मिळाली. सामान हलवत होते त्या सकाळी मी खोकी घेऊन खाली उतरले, तर पार्किंगमध्ये वहिनी निघायच्या तयारीत होत्या. तिसरी खेप. सीटवरचं मण्यांचं आसन काढून टाकलेलं, बाजूच्या सीटवर भरपूर पाण्याच्या बाटल्या आणि गोड्या मसाल्याचा डबा. मुकुंदराव स्लिपरा घालून खिडकीशी वाकले होते, हातात प्रिंट काढलेले कागद. या वेळी खालून ये, सांगत होते. आर्कान्सस राहिलंय तुझं, टेनेसी राहिलंय, जरा वळसा घातला की दोन्ही होतील, हे बघ, मी सगळं काढून ठेवलंय. कागद त्यांनी खिडकीतून आत धरले.

“गेले त्याच रस्त्यानं येणार,” वहिनी म्हणाल्या. कागद त्यांनी घेतले नाहीत. काच वर केली, मला हात केला, आणि गाडी सफाईनं मागं घेऊन निघून गेल्या.

मुकुंदराव माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते. खरोखरच काही उलगडत नाही अशा चेहऱ्यानं त्यांनी मला विचारलं, “तू सांग वैशाली, तेच तेच कान्सस तिसऱ्यांदा जाऊन बघायचंय काय त्यात?”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी हातातलं खोकं ट्रकमध्ये ठेवलं आणि दुसरं आणायला वर गेले. जिन्याच्या खिडकीतून बघितलं तेव्हा ते अजून त्या रिकाम्या पार्किंगच्या जागेत उभे होते, स्लिपरा घालून, कागद हातात धरून.